वरचं बाकीच्यांसाठी

कुंदाबाई गजभिये यांनी वीस वर्षांत इतक्या लोकांच्या सुट्ट्यांचे कागद हाताळले होते, की स्वतःच्या सुट्टीचा अर्ज लिहायला बसल्या तेव्हा अर्जदाराच्या जागी चुकून दुसऱ्याचंच नाव लिहून बसल्या. सवयच तशी. जबलपूरच्या त्या सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेत त्या बाबू. नवरा गुलाबराव नोकरीत असतानाच गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर त्या लागल्या. तेव्हापासून कोणाला कोणती सुट्टी, किती दिवस, कोणत्या नियमानं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. साहेबालाही नियम बघायचा असला की तो पुस्तक उघडत नसे, कुंदाबाईंना हाक मारत असे.

आता मात्र उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरनं बजावलं होतं, ऑपरेशननंतर बारा दिवस कॉम्प्युटरकडे बघायचंसुद्धा नाही.

आणि त्यातच भोपाळहून नवा आदेश आला होता. जो कोणी सुट्टीवर जाईल त्यानं आपल्या ईमेलवर स्वयंचलित उत्तर लावून जायचं. ऑफिसचा ऑपरेटर भैयालाल ते लावून द्यायला त्यांच्या टेबलाशी आला.

"मैडम, आप नहीं रहोगी तो भी आपकी तरफ से जवाब जाएगा."

"मेरे बिना मेरा जवाब? फिर मैं रोज काहे को आती हूँ, भैयालाल?"

भैयालाल हसला आणि खडाखड टाइप करून मोकळा झाला. 'मैं दिनांक २९ जनवरी से ९ फरवरी तक अवकाश पर हूँ. आवश्यक कार्य हेतु कार्यालय के दूरभाष पर संपर्क करें.' खाली कुंदाबाईंचं नाव आणि पद. सरकारी मजकूर, त्यात बोट ठेवायला जागा नाही.

"ये किसको जाएगा?"

"सबको," असं म्हणून भैयालाल चहाला निघून गेला. जाता जाता एवढं सांगितलं की खालचं निळं बटण दाबलं की चालू.

आता ज्या बाईनं वीस वर्षं परिपत्रकं काढली तिला 'सबको' म्हटलं की काय समजणार? परिपत्रकाला यादी असते. यादीतल्या प्रत्येकाला एक प्रत जाते, मग त्यानं मागितली असो की नसो. कुंदाबाईंनी आपल्या ईमेलमधली पत्त्यांची यादी उघडून पाहिली. भोपाळचं मुख्यालय, कोषागार, गोहलपुरचा लोखंडी कपाटवाला, पेन्शनीत निघालेले जुने लोक. आणि 'श' अक्षराखाली शैलेंद्र गजभिये, पुणे. त्यांचा हात बटणावरून मागे आला.

शैलेंद्र, म्हणजे शैलू, हा त्यांचा एकुलता एक पोरगा. ऑफिसात कोणी विचारलं तर 'पुण्यात आहे, मजेत आहे' एवढं सांगायच्या. मजेत आहे की नाही हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं, कारण चार वर्षांत दोघांमध्ये एक शब्द झाला नव्हता. झालं होतं ते असं. शैलूनं आपल्याच कंपनीतल्या एका ओडिया पोरीशी लग्न ठरवलं. ठरवलं आणि मग आईला कळवलं. पोरगी वाईट असं कुंदाबाईंचं म्हणणं नव्हतंच. पण ज्या पोरासाठी एकटीनं हाडाची काडं केली, त्यानं विचारायच्या ऐवजी सांगावं, हे त्यांना झोंबलं. त्यानं लग्नाची पत्रिका ऑफिसच्या ईमेलवर पाठवली आणि खाली लिहिलं, 'आई, ये.' कुंदाबाईंनी रागाच्या भरात उत्तर दिलं, तेही हिंदीत, पक्कं सरकारी. 'अवकाश स्वीकृत नहीं हुआ.' पोटच्या पोराला. त्यावर शैलूची एकच ओळ आली. 'सुट्टीचे ऑर्डर तर तूच टाइप करते ना, आई.'

त्यानंतर त्यानं लिहिलं नाही आणि त्यांनीही नाही. पुढं सहा महिन्यांनी त्यांनी धीर करून फोन लावला तर नंबर बंद होता. बाई मानी, पोरगा तिच्याच पोटचा. रोज सकाळी ऑफिसात आल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधी कुंदाबाई ईमेल उघडायच्या आणि शैलूचं नाव आहे का बघायच्या. नसायचं. मग पर्स ठेवायच्या.

आणि आता चार वर्षांनी आईकडून त्याला पहिलं पत्र जाणार ते काय, तर 'मैं अवकाश पर हूँ'. तुझ्या लग्नाला सुट्टी नव्हती, पण स्वतःसाठी बघ, बारा दिवसांची निघाली. कुंदाबाईंना खुर्चीत बसल्या जागी घाम फुटला.

यादीतून त्याचं नाव काढून टाकता आलं असतं. त्यांनी नावावर बोट नेलंसुद्धा, पण ते पुसायला जीव धजेना. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि भैयालालच्या मजकुराखाली थोडी जागा सोडून आपल्या घरच्या बोलीत एक एक अक्षर शोधून टाइप केलं.

'शैलू, वरचं सगळं बाकीच्यांसाठी आहे. तुझ्यासाठी मी सुट्टीवर नाही. फोन कर. आई.' आणि आपला नंबर.

बाकीचे लोक हे वाचतील अशी त्यांना काळजी नव्हती. एक तर सरकारी पत्राच्या सहीखाली कोण वाचतं? आणि दुसरं म्हणजे ते मराठीत होतं. गेली वीस वर्षं त्या ऑफिसातून घरच्या सगळ्या गोष्टी फोनवर मराठीत बोलत आल्या होत्या, आसपास सगळे हिंदीवाले, कोणाला काय कळतंय. त्यांनी निळं बटण दाबलं, बुद्धाचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डोळा कापायला गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या त्यांच्या घरी शेजारच्या बेबीताई दिवसातून चार वेळा येऊन डोळ्यात औषध घालून जायच्या. डोळ्यावर हिरवी पट्टी, खोलीत पडदे ओढलेले, आणि फोन उशीशी. वाजला की कुंदाबाई चाचपडत उचलायच्या. फोन आले, येणारच. गॅस एजन्सीचा आला. लोन घ्या म्हणणाऱ्या एका पोरीचा आला. तिच्याशी कुंदाबाई दोन मिनिटं बोलल्या, कारण ती पुण्याहून बोलत होती.

चौथ्या दिवशी साहेबांचा आला. श्यामसुंदर तिवारी, ऑफिसचे मुख्य.

"मैडम, आँख कैसी है?"

"ठीक है साहब."

"भोपाल से बड़े साहब का फोन था. पूछ रहे थे, ये शैलू कौन से सेक्शन में है."

कुंदाबाई उठून बसल्या. त्या कशाबशा म्हणाल्या, "पर साहब, वो तो मराठी में है."

"मैडम," तिवारी साहेब सबुरीनं म्हणाले, "बीस साल से आप हमारे बीच बैठकर मराठी में फोन कर रही हैं. बेबीताई के दमे से लेकर आपके भाई के झगड़े तक सब हमको मालूम है. एक बार आपने कहा था, तिवारी म्हणजे नुसता भोपळा. भोपळा का मतलब मैंने सब्जीवाली से पूछा था."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कुंदाबाईंना झालं. वीस वर्षं ज्याला त्या बंद कपाट समजल्या ते सताड उघडं होतं, आणि ह्या भल्या माणसांनी कधी चेहऱ्यावर दाखवलं नव्हतं.

"बड़े साहब कह रहे हैं नीचे की लाइन हटा दो," तिवारी म्हणाले. "भैयालाल से हटवा दूँ?"

हो म्हणणं सोपं होतं. चूक झाली साहेब, एवढं म्हटलं की संपलं. पण ती ओळ निघाली की शैलूशी बोललेलं एवढंसं तेही पुसलं जाणार होतं. कुंदाबाईंनी डोळ्यावरच्या पट्टीला हात लावला आणि जे वीस वर्षांच्या नोकरीत कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. लग्नाचं, सुट्टीच्या खोट्या कारणाचं, चार वर्षांचं. डॉक्टरनं रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून थांबून थांबून सांगितलं.

तिवारी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग घसा साफ करून म्हणाले, "आदेश में लिखा है कि जवाब लगाना है. नीचे क्या नहीं लिखना, ये कहीं नहीं लिखा. भोपाल को मैं देख लूँगा. आप दवा डालिए."

ओळ राहिली. पण फोन काही आला नाही. पाचवा दिवस गेला, सातवा गेला, नववा गेला. कुंदाबाईंच्या मनात आता एकच गोष्ट घर करून बसली. त्याला मिळालं. त्यानं वाचलं. आणि त्याला फोन करावासा वाटला नाही.

"मी मेली असती तरी आला नसता तो," त्या बेबीताईंना म्हणाल्या.

बेबीताईंनी औषधाची बाटली टोपण लावून ठेवली. "अशी जीभ काहून चालवते? तू लिहिलं का त्याले?"

"लिहिलं ना. सगळ्यांसोबत त्यालेही गेलं."

"सगळ्यांसोबत जाते ते बोलावणं असते, कुंदा. पोराले वेगळं लिहा लागते." बेबीताई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण बोलायच्या नेमकं वर्मावर. कुंदाबाईंना राग आला आणि त्या कुशीवर वळल्या.

दहा फेब्रुवारीला काळा चष्मा लावून त्या ऑफिसात हजर झाल्या. सगळ्यांनी डोळ्याची चौकशी केली, शैलूचं नाव कोणी काढलं नाही. पण चपराशानं न सांगता कमी साखरेचा चहा आणला, आणि टेबल कोणीतरी पुसून ठेवलं होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुंदाबाईंना त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं.

भैयालाल उत्तर बंद करायला आला. कुंदाबाईंनी हळूच विचारलं, "इकडं दिसते का, किसने पढ़ा और किसने नहीं?"

"पढ़ने का तो नहीं दिखता. गया इकहत्तर लोगों को."

"हमारी यादी में तो तीन सौ दस हैं."

"यादी से क्या मतलब, मैडम? ये अपने मन से किसी को नहीं जाता. जो पहले आपको लिखे, उसी को जवाब देता है. जिसने नहीं लिखा, उसको कुछ नहीं गया."

कुंदाबाईंनी चष्मा काढला, डॉक्टरनं नको म्हटलं होतं तरी. म्हणजे शैलूला काही मिळालंच नव्हतं. त्यानं फोन टाळला नव्हता, त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. आनंद असा झाला की भैयालालचा हात धरावासा वाटला. आणि तो आनंद पुरता वर यायच्या आतच दुसरी गोष्ट लक्षात आली. जो आधी लिहील त्याच्याशीच बोलायचं, हे त्या यंत्राला भैयालालनं शिकवलं होतं. त्यांना कोणी शिकवलं होतं? चार वर्षं त्या हेच तर करत आल्या होत्या.

"बंद कर दूँ?" भैयालालनं विचारलं.

"कर दो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी साचलेली पत्रं उघडली. कामाची होतीच, पण काहींनी त्या खालच्या ओळीला उत्तर दिलं होतं. गोहलपुरच्या कपाटवाल्यानं लिहिलं होतं, 'मैडम, बेटे का फोन आया क्या? हमारी फाइल बाद में देख लेना.' कोषागारातल्या कुण्या अनोळखी बाईनं नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. आणि बरगीला राहणारे, पेन्शनीत निघालेले भय्यासाहेब खोब्रागडे यांचं पत्र होतं. त्यांचा पेन्शनचा कागद दोन वर्षं अडकला होता आणि आजवरची त्यांची सगळी पत्रं तक्रारीची होती. ह्या खेपेला मात्र लिहिलं होतं, 'बाई, मी शैलू नाही. तरी तुमची ओळ वाचून त्या नंबरावर फोन करावा असं मनात आलं. माझी माय जाऊन तीस वर्षं झाली. माझ्या कागदाची घाई नाही.'

कुंदाबाईंनी ते दोनदा वाचलं. अक्षरं पुसट दिसायला लागली, आणि ते काही मोतीबिंदूमुळे नव्हतं.

त्यांनी नवं पान उघडलं. वर शैलूचा पत्ता टाकला, एकट्याचा. खाली लिहिलं.

'शैलू, तेव्हा सुट्टीचं खोटं होतं. मी अर्जच दिला नव्हता. तू विचारलं नाही म्हणून राग आला होता. राग कधीचाच गेला, पण मी कबूल केलं नाही. चूक माझी आहे. तू कसा आहे? तुझी बायको कशी आहे? तिचं नाव मला पत्रिकेत वाचलेलं पाठ आहे. आई.'

पाठवायचं बटण दाबायच्या आधी त्यांनी काहीच बघितलं नाही, शुद्धलेखनसुद्धा. दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

एका मिनिटात उत्तर आलं.

शैलेंद्र गजभिये. तेच नाव, जे चार वर्षं रोज सकाळी शोधलं. पत्र उघडायला कुंदाबाईंचं दोन वेळा चुकलं. उघडलं तर इंग्रजी. ना 'आई', ना काही. धन्यवाद, मी सध्या ऑफिसात नाही, कामाचं काही असेल तर अमक्याला लिहा. यंत्राचं उत्तर. त्यानंही लावून ठेवलं होतं. एक क्षण त्यांना वाटलं, घ्या, जशास तसं.

पण पहिल्या ओळीत दोन शब्द होते. बाकीचं इंग्रजी त्यांना यथातथाच यायचं, पण सुट्ट्यांची नावं त्यांना कुठल्याही भाषेत ओळखता आली असती. पॅटर्निटी लीव्ह. तीन फेब्रुवारी ते चौदा फेब्रुवारी.

हिंदीत तिला पितृत्व अवकाश म्हणतात. पुरुषाला मिळते. मूल झाल्यावर मिळते. दुसऱ्या कशासाठी मिळत नाही. हा नियम कुंदाबाईंनी किती लोकांना समजावून सांगितला होता, आणि आता तो स्वतःला समजावताना त्या बोटांवर दिवस मोजत होत्या. तीन तारखेपासून आज दहा. म्हणजे ज्या दिवसांत त्या उशीशी फोन ठेवून 'मी मेली असती तरी' म्हणत होत्या, त्याच दिवसांत त्या आजी झाल्या होत्या, आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.

पत्राच्या शेवटी एक नंबर होता. अत्यंत गरज असेल तरच ह्या नंबरवर फोन करा.

कुंदाबाईंनी त्या ओळीवर फार वेळ घालवला. कामात चोख बाई. अत्यंत गरज म्हणजे काय? त्यांची गरज होती, पण त्याची होती का? मग त्यांनी एक केलं. ड्रॉवरमधून सुट्टीच्या अर्जाचा कोरा छापील कागद काढला, त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, ह्या खेपेला न चुकता, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'नातवंड'. नियमांच्या पुस्तकात आईला सुट्टी आहे, बापाला आहे, आजीला कुठंच नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक. तरी लिहिलं. आणि मग फोन लावला.

उचलला तो एका बाईनं. "हॅलो, कोण बोलतंय?" मराठी अशी स्वच्छ पुण्याची, की कुंदाबाईंना वाटलं नंबर चुकला.

"मी कुंदा गजभिये. जबलपूरहून."

मग तो आवाज म्हणाला, "आई, मी स्वागतिका. मुलगी झाली. आठ दिवसांची आहे." आणि थोडं थांबून, "नाक तुमच्यासारखं आहे. फोटोत बघितलंय मी तुम्हाला."

कुंदाबाईंनी नकळत आपल्या नाकाला हात लावला. स्वागतिकेनं दोनदा हॅलो म्हटलं, आणि मग फोन कोणाच्या तरी हातात दिल्याचं कळलं. पलीकडून आता नुसता श्वास येत होता. तो श्वास कोणाचा हे आईला सांगायला लागत नाही.

"शैलू," त्या म्हणाल्या, "मी पुण्याले येऊन राहिली."

"आई," तो म्हणाला. आवाज चार वर्षांत मोठा झाला होता. "किती दिवसांची सुट्टी आहे तुला?"

त्यानं टोमणा मारला की खरंच विचारलं, हे कुंदाबाईंना कळलं नाही, आणि त्यांनी ते शोधायचाही प्रयत्न केला नाही. समोर अर्ज होता. नाव भरलेलं, कारण भरलेलं, दिवसांचा रकाना मोकळा.

"दिवस लिहायचे बाकी आहे," त्या म्हणाल्या. "पेन हातातच आहे. तू सांग, किती लिहू."

पलीकडे पोरगी रडायला लागली, आणि तिच्या आवाजाआडून शैलूही.

"तो रकाना कोराच राहू दे, आई."

कुंदाबाईंनी तो कोरा ठेवला, खाली सही केली आणि अर्ज घेऊन तिवारी साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. फोन कानालाच होता.